चटईवर शिकलेलं पळणं

रविवारी पहाटे साडेपाचला यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचं. अंधारात माणूस दिसत नाही, पण पाऊल ऐकू येतं. भरतीच्या तयारीतली पोरं घोळक्यानं येतात, त्यांचा टप-टप-टप असा हलका, झपाझप आवाज. त्यांच्या मागून आमच्यासारखी चाळिशी-पन्नाशीतली मंडळी. धप. धप. धप. मध्येच कुणाच्या तरी एकाच बुटाचा खर्रर्र आवाज येतो. त्या गड्याचा एक पाय नीट उचललाच जात नसतो, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

तो खर्रर्र सहा वर्षांपूर्वी माझा होता.

साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन भरते. अंतर अर्धमॅरेथॉनचं, म्हणजे २१.१ किलोमीटर, पण अर्धी वाट घाट चढायचा आणि अर्धी वाट तोच उतरायचा. दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारा मी, चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही बूट घेतले. तीन महिन्यांत उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं. सोबत पळणाऱ्या एका जाणत्यानं निदान केलं, "तुम्ही टाच आपटताय. टाच टेकवायचीच नाही, चवड्यावर पळायचं." पळालो. गुडघा खरंच गप्प झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात पोटरीत असा काही चमका आला की पोवई नाक्यावरून घरी रिक्षानं आलो.

मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी मोबाईलवर माझं पळणं टिपलं, बघितलं आणि म्हणाल्या, "काका, चटईवर झोपा." पळायला शिकवा म्हणून गेलेल्या माणसाला झोपायला सांगितल्यावर जे वाटतं ते मलाही वाटलं. पण पुढच्या तीन महिन्यांत पळण्याबद्दल जे काही कळलं ते बहुतेक त्या चटईवरच कळलं. या प्रकाराला मूव्हमेंट थेरपी म्हणतात. ती काय असते, का चालते आणि कुठे चालत नाही, हे मला उमगलं तसं सांगतो.

आधी थोडा हिशेब. माझा वेग तेव्हा किलोमीटरला साडेसहा मिनिटं, मिनिटाला पावलं साधारण १६०. म्हणजे किलोमीटरला १०४० पावलं. २१.१ किलोमीटरला जवळजवळ २२ हजार, एकेका पायाच्या वाट्याला ११ हजार. पळताना पाऊल टेकलं की जमीन आपल्याला उलट ढकलते, आणि तो जोर साधारण वजनाच्या अडीच पट भरतो. ७० किलोच्या माणसाला १७५ किलो, एका पायावर, ११ हजार वेळा. पाऊल बोटभर वाकडं पडत असेल तर एकदा पडल्यानं काही होत नाही. दार एकदा करकरलं म्हणून बिजागरी झिजत नाही. पण ११ हजार वेळा, आणि तेही आठवड्यातून चार दिवस, म्हटलं की गोष्ट वेगळी होते.

मग वाकडं पडणारं पाऊल सरळ का टाकत नाही माणूस? कारण टाकता येत नाही. पळताना एक पाऊल जमिनीवर टिकतं जेमतेम पाव सेकंद. काहीतरी जाणवलं, त्यावर विचार केला आणि ठरवून हालचाल केली, एवढ्याला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे 'अरे, पाय वाकडा पडला' हे कळून हुकूम सुटेपर्यंत पाय जमीन सोडायच्या बेतात असतो. पळताना पाय चालवतंय कोण, तर आपण नव्हे. पाठीचा कणा, लहान मेंदू आणि वर्षानुवर्षांची सवय मिळून ते चालवतात. मराठीत याला फार नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणं. चांगलं जसं अंगवळणी पडतं तसं चुकीचंही पडतं, आणि एकदा पडलं की ते चुकीचं आहे हेच अंगाला कळेनासं होतं.

हे शेवटचं मला पटत नव्हतं. मी ताईंना छातीठोकपणे सांगितलं होतं की मी ताठ पळतो. त्यांनी व्हिडिओ थांबवून दाखवला. कमरेत वाकलेला, हनुवटी पुढे काढलेला, एसटी चुकेल म्हणून धावत सुटलेला एक मनुष्य. तो मीच होतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच धक्का एका नटाला बसला होता. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. रंगमंचावर बोलता बोलता त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरांना घशात काही सापडेना. तेव्हा त्यानं आरसे मांडले आणि स्वतःलाच बोलताना निरखलं. बोलायला तोंड उघडलं रे उघडलं की त्याची मान मागे आणि खाली खेचली जायची. बरं, ते थांबवायला गेला तर त्याला वाटायचं थांबलंय, आणि आरशात मान तशीच मागे. अंगाची साक्ष खोटी निघते, हे त्यानं ओळखलं आणि त्यातून अलेक्झांडर टेक्निक ही पद्धत उभी राहिली. त्यातला मुख्य धडा म्हणजे नवीन काही करण्याआधी, जुनं आपोआप सुरू होतं त्या क्षणी थांबायला शिकणं.

दुसरा माणूस मोशे फेल्डनक्राइस, १९०४ ते १९८४. हा शिकलेला इंजिनिअर, पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रात काम केलेला आणि शिवाय ज्यूदोत मुरलेला. फुटबॉलमध्ये गुडघा दुखावला होता, पुढे तो पुन्हा बिघडला, आणि तेव्हाच्या शस्त्रक्रियेचा भरवसा वाटेना. मग त्यानं स्वतःची प्रत्येक हालचाल सुटी करून, सावकाश, पुन्हा पुन्हा करून बघितली. त्यातून जे धडे तयार झाले ते बहुतेक जमिनीवर आडवं पडून करायचे. मला ताईंनी शिकवलं ते मुख्यतः या धड्यांमधलं, त्याला फिजिओथेरपीतल्या ताकदीच्या व्यायामांची जोड.

ज्याला तालीम ठाऊक आहे त्याला हे नवं वाटू नये. हा जिल्हा खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीत ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. कुठल्याही तालमीत वस्ताद नवा डाव शिकवताना आधी सावकाश, विरोध न करणाऱ्या जोडीदाराबरोबर घोटून घेतो. डाव अंगात मुरला की मग खरी झोंबाझोंबी. लढत सुरू असताना कुणी डाव शिकत नाही. पळण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करायला जातो.

आडवं का पडायचं, याचं उत्तर साधं आहे. उभ्या माणसाचं अंग तोल सावरण्यात गुंतलेलं असतं. पाठीचे, मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू सतत थोडे ताणलेले. आडवं पडलं की ते काम सुटतं आणि जुनी सवयही थोडी सैल होते. सावकाश आणि कमी जोरानं का, याचं उत्तर मला जास्त आवडलं. हमालाच्या पाठीवर ५० किलोचं पोतं आहे. त्यावर कुणी हळूच पाव किलो कंदी पेढ्यांचा बॉक्स ठेवला तर त्याला कळणारही नाही. तोच बॉक्स रिकाम्या तळहातावर ठेवा, लगेच कळेल. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे मोजून दाखवलं होतं. आधीचं ओझं जितकं मोठं, तितका फरकही मोठा असावा लागतो, तरच तो जाणवतो. जोर लावून हालचाल केली तर अंगातले बारीक फरक त्या जोराखाली दबून जातात. जोर कमी केला की कळायला लागतं, उजवा खुबा फिरतोय आणि डावा नुसता ओढला जातोय. आणि मेंदू जे फरक टिपू शकतो तेच सुधारू शकतो.

आता प्रत्यक्ष धडा. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडून, तळपाय जमिनीला टेकलेले. ओटीपोट आणि ढुंगण यांच्यामधला जो हाडांचा वाडगा असतो, ज्याला फिजिओ पेल्विस म्हणतात, त्यावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असं समजायचं. बारा बेंबीकडे, सहा माकडहाडाकडे, तीन एका खुब्याशी, नऊ दुसऱ्या खुब्याशी. आता वाडगा हळूच बाराकडे कलंडवायचा. कंबर जमिनीला चिकटते. मग सहाकडे. कमरेखाली पोकळी होते. श्वास न रोखता, अगदी थोडं थोडं, दहा-पंधरा वेळा. मग थांबायचं, पाय लांब करून नुसतं पडून राहायचं. या विश्रांतीचा कंटाळा करू नये, फरक जाणवतो तो त्यातच. मग तीन ते नऊ. मग एकेक तास करत पूर्ण गोल.

मला वाटलं होतं, यात काय मोठंसं. पण माझा काटा चार आणि पाचच्या मध्ये पोचला की उडी मारायचा. एका बाजूला तो लोण्यासारखा फिरायचा, दुसऱ्या बाजूला चार वाजले की थेट सहा. मधला तास माझ्या अंगात नव्हताच. ताई म्हणाल्या, "ओढू नका तिथं. जिथपर्यंत सहज जातो तिथपर्यंतच जा आणि परत या." आठ-दहा दिवसांनी तो गेलेला तास परत आला, आणि तो कधी आला हे मला सांगता येणार नाही.

दुसरा धडा याच अवस्थेत. उजवा तळपाय जमिनीत हळूच दाबायचा. कंबरेचा उजवा भाग किंचित उचलला जातो. तो जोर पुढे कुठे जातो ते बघायचं. अंग मोकळं असेल तर तो मणक्यामणक्यानं तिरका चढत डाव्या खांद्यापर्यंत जातो, आणि हनुवटीही नकळत हलते. पळणं म्हणजे मुळात हेच आहे, पायानं जमीन दाबायची आणि डोकं पुढे जायचं. माझा जोर बरगड्यांशी येऊन अडायचा, कारण मी तिथं श्वास धरून बसलेलो असायचो. घाटात पहिल्याच वळणाला मला धाप का लागते हे पहिल्या दिवसापासून न सुटलेलं कोडं होतं. त्याचं निदान अर्धं उत्तर जमिनीवर सापडलं. उरलेलं अर्धं वजनाचं होतं, ते सोडा.

तिसरा कुशीवर झोपून. वरचा खांदा पुढे सरकवायचा तेव्हा वरचा खुबा मागे, आणि खांदा मागे तेव्हा खुबा पुढे. दोघं एकमेकांच्या उलट. पिळलेलं धोतर सोडल्यासारखी ही हालचाल पळण्याच्या गाभ्याशी आहे. उजवा पाय पुढे जातो तेव्हा कंबर डावीकडे वळू बघते. छाती आणि हात उलट वळून तो पीळ फेडतात, म्हणून डोकं आणि नजर सरळ राहते. हातांचा यात वाटा किती? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात अरेलानो आणि क्रॅम या दोघांनी ते मोजलं आणि २०१४ मध्ये छापलं. हात पाठीमागे बांधून पळायला सुमारे ३ टक्के जास्त ऊर्जा लागली, छातीवर घडी घालून ९ टक्के, आणि हात डोक्यावर ठेवून १३ टक्के. आमच्याकडे निम्मी जनता एका हातात मोबाईल घट्ट धरून पळते. तो हात हलत नाही, मग त्या बाजूची छाती वळत नाही, मग दुसऱ्या बाजूचा खुबा आखडतो. माझ्या मते शंभरातल्या पन्नास जणांनी पळण्याची शैली सुधारण्याआधी कमरेचा पट्टा घेऊन त्यात फोन टाकावा.

या टप्प्यावर आमच्या कट्ट्यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "काय ओ, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचली, दहावी आली. तिला कुणी चटईवर झोपवून घड्याळ फिरवायला लावलं होतं व्हय?" प्रश्न रास्त आहे. एक म्हणजे तिनं राष्ट्रीय शिबिरात प्रशिक्षकांच्या नजरेखाली वर्षानुवर्षं घाम गाळलाय, उगाच 'गावाकडची हवा' म्हणून ती तिथं गेली नाही. दुसरं म्हणजे ज्याचं अंग लहानपणापासून ओबडधोबड जमिनीवर पळत, उकिडवं बसत, चढत-उतरत घडलं, त्याला हे धडे त्या त्या वेळी फुकटात मिळालेले असतात. मी बँकेच्या खुर्चीत बावीस वर्षं बसलो होतो. माझे फुकटचे धडे पुसले गेले होते.

पटत नसेल तर उकिडवं बसून बघा, अनवाणी, पावलं जवळ घेऊन. टाचा जमिनीवर टिकतात का? माझ्या उचलल्या जायच्या. घोटा पुढे वाकत नव्हता. असा घोटा पळताना कुठेतरी पळवाट काढतो: पाऊल बाहेर वळवतो, नाहीतर टाच लवकर उचलतो. माझा खर्रर्र मात्र खुब्यातून येत होता. एका पायावर उभं राहिलो की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकायची. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू ढिला असला की असं होतं, आणि मग झुकलेल्या बाजूचा पाय पुढे येताना जमिनीला घासतो. घासायचा उजवा बूट, ढिला होता डावा खुबा. दुखत होता तो पुन्हा उजवाच गुडघा. अंगाचा कारभार असा असतो, तक्रार एकीकडची आणि भानगड दुसरीकडची. इथं मात्र चटईवरची जाणीव पुरली नाही. कुशीवर झोपून पाय उचलणं, पायरीवर एका पायानं हळू चढणं-उतरणं असे ताकदीचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागले. जाणीव आली म्हणून स्नायू बळकट होत नाही, आणि बळकट स्नायूला कधी काम करायचं हे ठाऊक नसेल तर ताकद वाया जाते.

टाचेचं काय? सगळ्या वादांचं मूळ तेच. ताईंनी टाचेबद्दल अवाक्षर काढलं नाही. जपानमध्ये सप्पोरोच्या अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरवर कॅमेरे लावून तगड्या धावपटूंची पावलं टिपली होती, २००४ मध्ये. तिथंही चारातले तीन जण आधी टाच टेकवत होते. टाच टेकणं हा गुन्हा नाही. पाऊल अंगाच्या किती पुढे पडतं, हा खरा प्रश्न. गुडघा ताठ ठेवून पाय लांब फेकला की दर पावलाला ब्रेक लागतो, आणि तो धक्का गुडघा खातो.

त्यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे पावलांचा ठेका वाढवणं. वेग तोच ठेवून मिनिटाला पावलं जास्त टाकली की पाऊल आपोआप आखूड होतं आणि अंगाखाली पडतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४५ हौशी धावपटूंवर हे बघितलं. ठेका ५ टक्के वाढवला तेव्हा गुडघ्याला जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी घटली, १० टक्के वाढवला तेव्हा सुमारे ३४ टक्क्यांनी. माझ्या १६० चे १६८ केले, बस्स. सगळीकडे ऐकू येणारा १८० चा आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून सांगितला होता. ते जगातले अव्वल, शर्यतीच्या वेगात. मी दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखा पळतो. त्यांचा आकडा माझ्या गळ्यात बांधायचं कारण नाही. मोबाईलवर ठेक्याचं ॲप लावता येतं, पण शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाला त्याची गरज पडू नये. हलगी जराशी चढली की पाय कसे जवळ जवळ पडायला लागतात, ते आठवायचं.

पुढची गोष्ट मात्र उलटी वाटेल. रस्त्यावर आलात की हे सगळं विसरायचं. जर्मनीत २००९ मध्ये शूकर आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं. कधी आपल्या पळण्याच्या हालचालीकडे लक्ष द्या म्हटलं, कधी श्वासाकडे, कधी समोरच्या दृश्याकडे. वेग तोच, पण दृश्याकडे बघताना प्राणवायू सर्वांत कमी लागला. आपल्या पळण्यावर पहारा ठेवला की पळणं महागात पडतं. म्हणून पंधरा मिनिटं चटईवर पूर्ण लक्ष, मग पहिला किलोमीटर रमतगमत, त्यात एखादीच खूण आठवायची (माझी खूण होती 'बुटाचा आवाज ऐक'), आणि नंतर अजिंक्यताऱ्याकडे बघत, गप्पा मारत पळायचं. अंगात काही उतरलं असेल तर ते आपलं आपण वर येतं. नसेल उतरलं तर रस्त्यावर दात-ओठ खाऊन येणार नाही.

आवाजाची खूण उगाच नाही. हाँगकाँगमध्ये ३२० नवख्या धावपटूंवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवड्यांत आठ वेळा ट्रेडमिलवर हलकं पाऊल टाकायला शिकवलं. समोर पडद्यावर धक्क्याचा आलेख दिसायचा, आणि दिवसागणिक तो दाखवणं कमी कमी करत नेलं. वर्षभरात शिकवलेल्यांपैकी १६ टक्क्यांना दुखापत झाली, न शिकवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. पण त्यातली मेख अशी की शिकवलेल्यांची गुडघ्याची आणि तळपायाची दुखणी कमी झाली तरी पोटरी आणि टाचेमागच्या शिरेची वाढली. धक्का हवेत विरत नाही, तो गुडघ्यावरून पोटरीकडे बदलून जातो. मला रिक्षानं का यावं लागलं ते इथं उघड झालं. एका आठवड्यात चवड्यावर पळायला लागणं म्हणजे गुडघ्याचं कर्ज पोटरीच्या नावावर करणं, आणि पोटरीला विचारलेलंसुद्धा नाही.

या प्रयोगातलं प्रशिक्षण आणि फेल्डनक्राइसचे धडे एकच, असं मात्र समजू नका. पहिल्याला पळण्याबाबतचा बरा पुरावा आहे. फेल्डनक्राइसच्या धड्यांबद्दल वयस्कर माणसांच्या तोलाबाबत आशा वाटावी असे निष्कर्ष आहेत, पण अभ्यास छोटे आणि कच्चे. या धड्यांमुळे पळण्याच्या दुखापती घटतात असं ठामपणे दाखवणारा मोठा अभ्यास झालेला नाही. मला उपयोग झाला, तो माझ्यापुरता. आणि खरं सांगायचं तर हौशी लोकांची निम्म्याहून जास्त दुखणी शैलीमुळे नसतातच, असं इतकी वर्षं बघून माझं मत झालंय. मेमध्ये आठवड्याला दहा किलोमीटर पळणारा माणूस जुलैत शर्यतीच्या धास्तीनं चाळीस करतो, मग कुठलंही घड्याळ फिरवून उपयोग नाही.

काही दुखणी चटईवर न्यायचीच नाहीत. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं, रात्री झोपेतही ठणकणं, सांध्याला सूज, पायात मुंग्या किंवा बधिरपणा: यांपैकी काही असेल तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. हाडावर एकाच जागी दुखत असेल तर तिथं बारीक चीर गेलेली असू शकते, आणि तिला व्यायाम नको, विश्रांती हवी असते. भरतीच्या पोरांत हे फार होतं. १६०० मीटर बसवण्यासाठी रोज डांबरीवर, झिजलेल्या बुटांत, आणि दुखतंय म्हटलं तर कच्चा म्हणतील म्हणून तोंड मिटून.

फेल्डनक्राइस किंवा अलेक्झांडर शिकवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली नाहीत. एखादा चांगला फिजिओ, जो तुमचं पळणं बाजूनं आणि मागून टिपून बघेल आणि टेबलावर शेक देऊन घरी पाठवणार नाही, तो पुरे. घरी स्वतः टिपायचं तर फोन कमरेच्या उंचीवर ठेवावा, दहा मिनिटं पळून झाल्यावर टिपावं. पहिल्या मिनिटाला प्रत्येक जण कॅमेऱ्यासाठी पळतो. आणि एकाच रस्त्यानं एकाच कडेला रोज पळत असाल तर तेही बघा. आपले रस्ते मध्ये उंच, कडेला उतरते. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं पळणं बरोबरच आहे, पण मग उजवा पाय कायम खालच्या बाजूला पडतो. माझ्या कंबरेला त्याचाही हातभार असणार. अधूनमधून शाहू स्टेडियमसारख्या सपाट मैदानावर जावं.

राहिला घाट. चढाचं फारसं काही नाही. पाऊल आखूड, कमरेत न मोडता घोट्यातून किंचित पुढे, आणि वळण दिसलं की वर न बघता चार-पाच मीटर पुढे नजर. चढ माणसाला आपोआप शिस्त लावतो. उतार फसवतो. यवतेश्वरवरून खाली येताना गुरुत्वाकर्षण फुकट ढकलतं, पावलं लांब पडायला लागतात, अंग मागे रेलतं आणि मांड्या ब्रेकचं काम करतात. मांडीचा पुढचा स्नायू अशा वेळी आखडता आखडता लांबवला जातो, आणि स्नायूला सर्वांत जास्त इजा याच प्रकारात होते. ती त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. उपाय तोच: आखूड पावलं, झपझप ठेका, हात थोडे पसरलेले, आवाज हलका. आणि एक सोय निसर्गानं ठेवलेली आहे. हा मार एकदा थोड्या प्रमाणात खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार स्नायूला पुष्कळ कमी लागतो. म्हणून शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी एकदा घाट बेतानं, पण पळतच उतरून घ्यावा. मी गेल्या वर्षी तसं केलं. मंगळवारी बँकेचा जिना कठड्याला धरून उलटा उतरलो, शिपाई बघत होता. शर्यतीनंतरच्या मंगळवारी सरळ उतरलो.